दिवाणजींची चार इंजेक्शने

आमच्या कासवाला मी चार इंजेक्शने दिली, अशी लेखी नोंद आहे. नोंद माझ्या अक्षरात आहे, समोर माझी सही आहे, आणि ती खोटी आहे.

हे एवढे लिहायला मला चार वर्षे लागली. म्हणजे दर इंजेक्शनामागे एक वर्ष. आता सगळे पहिल्यापासून सांगतो, कारण मधूनच सांगितले तर मी थोडा बरा माणूस वाटण्याचा धोका आहे.

बडोद्याजवळच्या वाघोडियाच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका औषध कारखान्यात मी बत्तीस वर्षे काढली. तिथे अँटिबायोटिकच्या बाटल्या भरत. भरणारे दुसरे, मी त्यांचे कागद तपासत असे. कारखान्याचा नियम असा की काम करणाऱ्याने ‘डन बाय’च्या रकान्यात सही करायची आणि शेजारी उभे राहून ते काम पाहणाऱ्याने ‘चेक्ड बाय’च्या रकान्यात. न पाहता सही करणारा सापडला की मी त्याला खुर्ची न देता पाऊण तास भाषण देत असे. ‘नोंद नाही म्हणजे काम झालेच नाही’ हे माझे आवडते वाक्य. नोंद आहे पण काम झालेच नाही, या शक्यतेवर माझे भाषण तयार नव्हते. तशी वेळ कधी आली नाही. आली ती निवृत्तीनंतर, घरात, जेवणाच्या टेबलावर.

बडोद्यात समा भागातल्या एका सोसायटीत आमचे टेनामेंट, म्हणजे छोटे जोडघर, आहे. बायको गेल्यावर तिथे मी एकटाच होतो. मग माझी थोरली बहीण राहायला आली. तिला आम्ही अक्का म्हणतो. माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठी, शाळेत शिक्षिका होती, आणि आजही समोरच्याने वाक्य अर्धवट सोडले की ते पूर्ण होईपर्यंत त्याच्याकडे बघत राहते. तिचा एकुलता एक मुलगा नितीन कॅनडाला गेला. (बडोद्यात घरटी एक मुलगा कॅनडात असतो. ज्यांचा नसतो त्यांची लोक हळू आवाजात चौकशी करतात.) जाताना त्याने आईला माझ्याकडे सोडले आणि आईबरोबर एक काचेची टाकी, एक हीटर, एक दिवा आणि एक कासव.

कासव लाल कानाचे, परदेशी जातीचे, आकाराने पुरणाच्या पोळीएवढे. (देशी कासव घरात पाळणे गुन्हा आहे. याचे रीतसर कागद होते. मी ते तीनदा वाचले. दुसरे काय करणार, सवय.) त्याने टाकीतून पहिल्यांदा मान वर काढली तेव्हा अक्का भिंतीवरच्या फोटोकडे बघत राहिली. फोटो आमच्या पणजोबांचा. ते संस्थानच्या महसूल खात्यात कारकून होते. डोक्यावर पगडी, मान ताठ आणि समोरच्याचा अर्ज नामंजूर करण्याच्या बेतातला चेहरा.

“दिगू,” अक्का म्हणाली, “हे तर आपले पणजोबाच.”

पणजोबा कारकूनच राहिले, पण कासवाला आम्ही पहिल्याच दिवशी बढती दिली. त्याचे नाव दिवाणजी ठेवले. एकदा नाव असे ठेवल्यावर त्यांना अरेतुरे करणे जमेना.

दर रविवारी संध्याकाळी नितीनचा व्हिडिओ कॉल येई. “आई, दिवाणजी कुठेत?” हा पहिला प्रश्न. अक्का मोबाइल टाकीला लावून धरी. दिवाणजी दोन मिनिटे काहीही करत नसत आणि मायलेक ते लक्षपूर्वक पाहत. मग त्यावरून बोलणे निघे. त्यांनी काय खाल्ले, किती ऊन घेतले, पाणी कधी बदलले. त्या बोलण्याला धरून हळूच अक्का विचारी, “आणि तू काय खाल्लंस?” कासवाशिवाय हा प्रश्न विचारला तर तिकडून ‘खाल्लं गं आई’ एवढेच उत्तर येई. म्हणून दिवाणजी आजारी पडले तेव्हा घरात नुसते कासव आजारी नव्हते. अक्काचा रविवार आजारी पडला होता.

उत्तरायणाच्या, म्हणजे आपल्या संक्रांतीच्या, आठवड्यातली गोष्ट. थंडी वाढली म्हणून मी स्वेटर घातला, अक्काने शाल घेतली. टाकीतला हीटर बंद पडला आहे, हे दोघांनाही कळले नाही. एका सकाळी दिवाणजी पाण्यात डावीकडे कलून तरंगताना दिसले. नाकातून बुडबुडे, पापण्या सुजलेल्या.

“असे वाकडे का झालेत?” अक्का म्हणाली. “कानात पाणी गेलंय का?”

ते कायम पाण्यातच असतात हे मी तिला सांगितले नाही. मलाही तेच वाटले होते.

आम्ही रिक्षाने जनावरांच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टर एक तरुण गुजराती मुलगी होती. लहानपण दांडियाबाजारात मराठी शेजाऱ्यांत गेलेले, त्यामुळे मराठी बोलायची, फक्त मधे मधे गुजराती शब्द बसवून. तिने दिवाणजींना उलटसुलट केले, छाती ऐकली आणि म्हणाली, “न्युमोनिया छे. एका बाजूच्या फेफसात पाणी भरलंय, म्हणून ते बाजू भारी झालंय. म्हणून वाकडे तरतात.”

म्हणजे कलणे हे लक्षण होते. मला एकदम रस वाटू लागला. मी खिशातून कागद काढला.

“किती दिवस औषध?”

“अँटिबायोटिकचं इंजेक्शन, पुढच्या पायात. दर तीन दिवसांनी एक.”

“तीन दिवसांनी? माणसाला दिवसातून तीनदा देतात.”

“अंकल, त्याचं सगळंच धीमं आहे. आपलं शरीर जे औषध आठ तासात काढून टाकतं, ते त्याच्यात तीन दिवस राहतं.”

तीन दिवसांनी एक फाइल हलवणारा. नाव अगदी बरोबर ठेवले होते.

“आणि पुढच्याच पायात का?”

“मागच्या पायातलं लोही पहिलं किडनीत जातं. औषध कामाला लागायच्या आधीच बाहेर. आणि पाणी गरम ठेवायचं, बराबर? थंड कासवात औषध पण थंड पडतं.”

बत्तीस वर्षे मी अँटिबायोटिकचे कागद तपासले, पण औषधाला उन्हाची गरज लागते असा प्राणी या जगात आहे, हे मला कुणी सांगितले नव्हते. मी लिहीतच होतो. शेवटी तिनेच माझ्या हातातून पेन काढून घेतले आणि आहार लिहून दिला. दिवाणजी दहा महिने अक्काच्या हातचा दुधी, कोबी आणि शनिवारी ढोकळा खात होते. त्यात त्यांना हवे ते जीवनसत्त्व नव्हते. गाजर द्या, आणि सुकट द्या.

“सुकट?” अक्का म्हणाली. आमच्या घरात अंडेसुद्धा कधी आले नव्हते. क्षणभर विचार करून ती म्हणाली, “औषध म्हणून चालतं.”

पहिले इंजेक्शन डॉक्टरबेनने दिले. सेकंदभराचे काम. पुढची इंजेक्शने द्यायला तीन-तीन दिवसांनी आणायचे, असे ती म्हणणार होती, तेवढ्यात तिचे लक्ष बाहेर गेले. उत्तरायण तोंडावर आले होते. मांज्याने पंख कापलेली कबुतरे, बगळे, एक घुबड, सगळी खोक्यांतून दाराशी येऊ लागली होती.

“आता दहा दिवस इथे पाय ठेवायला जागा नसेल,” ती म्हणाली. “घरी कोण देऊ शकेल?”

“अगं, आमचा दिगू औषधाच्याच कारखान्यात होता,” अक्काने अभिमानाने सांगितले. “बत्तीस वर्षं. अँटिबायोटिकच.”

“तो पछी वांधो ज नथी, मग प्रश्नच नाही,” डॉक्टरबेन खूश झाली. “अंकल, जमेल ना?”

इथे मी सांगायला हवे होते की बाई, मी कागदांत होतो. मी तिच्याच भाषेत ‘नक्की’ म्हणालो, “चोक्कस.”

त्या एका ‘चोक्कस’ची किंमत पुढे येईलच.

तिने मोजून भरलेल्या सहा बारीक सिरिंजा दिल्या. त्या गोठवून ठेवायच्या आणि द्यायच्या आधी मुठीत धरून वितळवायच्या. घरी आल्यावर मी त्या स्टीलच्या डब्यात घालून मटारशेजारी फ्रीझरमध्ये ठेवल्या आणि डब्यावर चिठ्ठी लावली : खाऊ नये. मग नवीन वही काढली, रकाने आखले. तारीख, वेळ, पाण्याचे तापमान, खाल्ले काय, औषध, आणि शेवटी डन बाय, चेक्ड बाय. अक्काने ते दोन्ही खोडून ‘दिले’ आणि ‘पाहिले’ असे केले. दिवाणजींना मी इंजेक्शन द्यायचे, तिने धरायचे आणि पाहायचे, असे ठरले.

उत्तरायणाच्या दिवशी पहिली पाळी. जेवणाच्या टेबलावर पंचा पसरला. अक्काने दिवाणजींना दोन्ही हातांनी धरले आणि रामरक्षा पुटपुटू लागली. मी पुढचा उजवा पाय दोन बोटांत धरला. आत्तापर्यंत सगळे व्यवस्थित होते. मग मी सुई जवळ नेली आणि दिवाणजींनी मान वळवून माझ्याकडे पाहिले.

सुजलेल्या पापणीच्या फटीतून पाहिले. पणजोबांसारखे पाहिले. त्या नजरेत राग नव्हता, फक्त चौकशी होती : आपली नेमणूक कोणी केली?

माझा हात थांबला.  दुसऱ्याला सुई टोचताना आपले काय होते, हे मला एकाहत्तराव्या वर्षापर्यंत, माफ करा, तेव्हा सदुसष्टाव्या, माहीत नव्हते, कारण वेळच आली नव्हती. मी स्वतःला समजावत होतो की नुसते टोचायचे आहे, बोटभर अंतर आहे. तेवढ्यात शेजारच्या गच्चीवरून जयेशभाईंच्या घरच्या पंधरा माणसांनी पतंग कापल्याची एकदम आरोळी दिली, “ए काप्यो छे!” माझा अंगठा दाबला गेला आणि औषधाचे दोन थेंब पंच्यात गेले.

“झालं?” अक्काने विचारले.

“झालं,” मी म्हणालो. सिरिंज रिकामी झाली होती, त्या अर्थाने खरेच होते.

“एवढ्यात? हललेसुद्धा नाहीत ते.”

“हात हलका लागतो माझा.”

हे वाक्य माझ्या तोंडून कसे गेले, मला माहीत नाही. मी वही ओढली आणि ‘दिले’च्या रकान्यात सही केली. अक्काने ‘पाहिले’च्या रकान्यात केली. पहिल्या वेळचा दोष मी अजूनही पतंगाला देतो.

पुढच्या तीन वेळा पतंग नव्हता.

मधल्या दिवसांत मी सराव केला. न्हाणीघरात दार लावून एका संत्र्याला जुन्या सिरिंजने पाण्याची चाळीस इंजेक्शने दिली. एकही चुकले नाही. पण संत्रे मान वळवत नाही. तिसऱ्या दिवशी दिवाणजींनी वळवली, आणि औषध पुन्हा पंच्यात. सहाव्या दिवशी मी डोळे मिटून प्रयत्न केला. तेव्हा ते माझ्या बाहीत गेले. नवव्या दिवशी मी प्रयत्नही केला नाही, सरळ पंच्यात सोडले. आमचा पंचा त्या महिन्यात बडोद्यातला सर्वांत निर्जंतुक पंचा असावा.

गंमत अशी की सुरुवातीचे चार-पाच दिवस दिवाणजी सुधारले. डॉक्टरबेनचे पहिले इंजेक्शन अंगात होते, नवा हीटर आला होता. त्यांनी सुकट खाल्ले. ते अक्काने आधी तव्यावर भाजले, कारण कच्चे कसे द्यायचे. आमची सोसायटी पूर्ण शाकाहारी. वास पहिल्या मजल्याच्या गच्चीपर्यंत गेला. जयेशभाई कुंपणाशी आले, नाक वर करून म्हणाले, “दिगंबरभाई, गटर भराई गई लागे छे.”

“हो ना,” मी म्हणालो. “मलाही कालपासून वाटतंय.”

दुसऱ्या दिवशी सोसायटीने प्लंबर बोलावून तीन झाकणे उघडली. मी त्यांच्या शेजारी उभा राहून आत डोकावलो आणि मान हलवली. खोट्याचे असे असते. एकदा हात बसला की बसतो.

नितीनला रविवारी सगळे कळले. “मामा, तू ग्रेट आहेस,” तो कॅनडातून म्हणाला. “मला नसतं जमलं.” अक्का म्हणाली, “अरे, त्यांना कळतसुद्धा नाही, इतका हात हलका.”

आणि मग दिवाणजी उतरणीला लागले. डोळे पूर्ण मिटले. पुन्हा डावीकडे कलले, आता जास्त. खाणे बंद. पुढच्या रविवारी नितीनने दोन मिनिटे टाकीकडे पाहिले आणि म्हणाला, “आई, नको दाखवूस.” कॉल लवकर संपला. त्याने काय खाल्ले हे विचारायचे राहून गेले.

अक्का टाकीशेजारी बसून राहिली. “दिगू, तुझ्याकडून काही कमी झालं नाही,” ती म्हणाली. “माझ्याच हाताला यश नाही. दहा महिने त्यांना दुधी घातला मी. पोराने विश्वासाने दिलं होतं.”

“अक्का, तसं नाही...”

“मग कसं?” ती वाक्य पूर्ण होण्याची वाट पाहत राहिली.

ते मी पूर्ण केले नाही. त्या दिवसापासून तिने चहा सोडला. दिवाणजींनी खाल्ल्याशिवाय घेणार नाही म्हणाली. दिवसाला पाच कप पिणारी बाई. डोके दुखायचे तिचे, कपाळाला पट्टी बांधून बसायची, आणि मी समोर माझा चहा आवाज न करता प्यायचा प्रयत्न करायचो.

दहाव्या दिवशी दिवाणजींना तपासायला नेले. डॉक्टरबेनने आधी माझी वही हातात घेतली.

“वाह अंकल. एवढं व्यवस्थित तर आम्ही पण लिहीत नाही.” तिने पाने उलटली. “टाइमवर दिलंय, पाणी गरम आहे, तरी बिघडलं. म्हणजे हे जंतू ह्या औषधाला ऐकत नाहीत. बदलावं लागेल. दुसरं भारी आहे, किडनीवर जोर पडतो, पण आता काय करणार.” आणि ती कपाटातून दुसरी बाटली काढू लागली.

 कारखान्यात मी पोरांना हेच सांगत असे : तुमच्या खोट्या सहीने कागद बिघडत नाही, कागद वाचून पुढचा माणूस जे करतो ते बिघडते. भाषण माझेच होते. मी ते पहिल्यांदाच ऐकत होतो.

अक्का बाहेरच्या खोलीत पंखांना पट्ट्या बांधलेली कबुतरे पाहण्यात गुंतली होती. मी दार लोटले.

“डॉक्टरबेन, बाटली ठेवा. औषध चांगलं आहे. ते पंच्यात आहे.”

“काय?”

“चारही. एकही दिवाणजींना नाही दिलं. हात नाही झाला.”

ती माझ्याकडे पाहत राहिली. मग वहीकडे. मग पुन्हा माझ्याकडे. रागावली असती तर बरे झाले असते.

“अंकल, ह्या वहीच्या भरोशावर मी आत्ता त्याला चुकीचं औषध देत होते.”

“माहीत आहे.”

“कीधुं ए सारुं कर्युं, सांगितलंत ते बरं केलं,” ती शेवटी म्हणाली. बाटली कपाटात गेली. “जुनंच औषध पुन्हा पहिल्यापासून. दर तीन दिवसांनी इथे आणायचं, मी देते. पण आजींना तुम्ही सांगायचं. आज ज.”

“चोक्कस,” मी म्हणालो.

(हे दुसरे ‘चोक्कस’.)

रिक्षात बसल्यावर मी सुरुवात केली. “अक्का, एक सांगायचंय.”

“काही सांगू नकोस,” ती म्हणाली. डबा मांडीवर होता, त्यात दिवाणजी. “डॉक्टर काय म्हणाल्या ते मला दिसतंय तुझ्या तोंडावर. तू तुझं केलंस. तू होतास म्हणून एवढे दिवस तरी काढले त्यांनी.”

 आता घरी इंजेक्शने नकोत, फक्त वजन करायला दर तीन दिवसांनी आणायला सांगितलंय, असे मी म्हणालो. वजन केलेही जात होते, त्यामुळे तेही एका अर्थाने खरे. मला तोपर्यंत असल्या अर्थांची सवय झाली होती.

तिसऱ्या खऱ्या इंजेक्शनानंतर दिवाणजींनी एक डोळा उघडला. चौथ्यानंतर ते सरळ तरंगले. पाचव्यानंतरच्या सकाळी अक्काची हाक आली, “दिगू, गाजर!” मी धावत गेलो. दिवाणजी गाजराचा कीस खात होते, म्हणजे एका कणाकडे पाच मिनिटे पाहून मग तो नामंजूर केल्यासारखा गिळत होते. अक्काने तिथेच उभ्याने चहा घेतला, लागोपाठ तीन कप. रविवारी कॉल पन्नास मिनिटे चालला. नितीनने काय खाल्ले, कधी झोपला, खोकला कसा आहे, सगळे निघाले.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण बरे झालेल्या कासवाचे श्रेय कुणाला तरी द्यावे लागते. सोसायटीच्या वार्षिक सभेत जयेशभाईंनी मला शाल घातली. “आपणा दिगंबरभाई,” ते माइकवर म्हणाले, “जेमणे काचबाने चार इंजेक्शन आप्यां!” कासवाला चार इंजेक्शने देणाऱ्यासाठी टाळ्या पडल्या. अक्का पहिल्या रांगेत होती. तिने सर्वांत शेवटपर्यंत वाजवल्या.

त्यानंतर लोक घरी येऊ लागले. एकांचा कुत्रा, एकांची मांजर. जयेशभाई तर स्वतःच्या आईला घेऊन आले, तिला जीवनसत्त्वाचे इंजेक्शन घ्यायचे होते. “बा, हे दिगंबरभाई, यांचा हात बहु हलका.”

“मी फक्त सरपटणाऱ्यांना देतो,” मी म्हणालो. बांना ते नीट ऐकू आले नाही, हे माझे नशीब.

चार वर्षे मी अशी काढली. वही कपाटात सर्वांत वर, पुस्तकांच्या मागे. दर वेळी कपाट उघडले की तिचा निळा कणा दिसे.

आणि गेल्या महिन्यात अक्काची साखर वाढली. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी सांगितले, रोज सकाळी इन्सुलिन घ्यावे लागेल. हात थरथरत असतील तर नर्स पाठवतो.

“नर्स कशाला?” अक्का खुर्चीत सरसावून बसली. “आमचा दिगू आहे ना. कासवाला कळलं नाही, मला काय कळणार.”

ती सुई मी पाहिली. दिवाणजींच्या सुईएवढीच बारीक. आणि आता पंच्यात गेले तर पंचा काही डावीकडे कलणार नव्हता. अक्का कलली असती.

घरी आलो. तिला बसवले, कपाटातून वही काढून तिच्यापुढे ठेवली आणि सांगितले. पतंग, संत्रे, बाही, पंचा, गटर, सगळे. या वेळी एकही वाक्य अर्धवट सोडले नाही. माझे बोलून झाल्यावर तिने चष्मा लावला आणि ती चार ओळींची नोंद दोनदा वाचली.

“या ‘पाहिले’च्या रकान्यात सही कुणाची आहे?” तिने विचारले.

“तुझी.”

“मी कुठे पाहिलं?”

मी तिच्या सहीवर बोट ठेवले.

“डोळे गच्च मिटून बसले होते मी. चारही वेळा. मला सुई बघवत नाही. रामरक्षा काय उगाच म्हणत होते? तू झालं म्हणालास की डोळे उघडायचे आणि सही करायची.” तिने बोटे एकमेकांवर घासून पाहिली. “पंचा ओला लागायचा हाताला. मला वाटायचं, घाबरून दिवाणजींनी केलं. मी त्यांची कीव करायचे. घाबरणारा दुसराच होता.”

 तिने शाळेतल्यासारखे लाल पेन मागितले.

“चुकलेली नोंद तुमच्या कारखान्यात कशी दुरुस्त करायचे?”

“खोडरबर चालत नाही. एकच आडवी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. शेजारी खरं लिहायचं, कारण लिहायचं, सही करायची.”

“मग कर.”

मी चार रेघा मारल्या. शेजारी लिहिले : दिले नाही. कारणापुढे लिहिले : हात थरथरला.

“हात नाही,” अक्का म्हणाली. “तू.”

मी तेही खोडले, एकाच आडव्या रेघेने, आणि लिहिले : मी घाबरलो. तिने तिच्या रकान्यात लाल शाईने लिहिले : पाहिले नाही. मीही घाबरले. आणि चार वेळा सही केली. मग रविवारी नितीनला तिनेच सांगितले. तो इतका हसला की मोबाइल त्याच्या हातून पडला आणि आम्हाला कॅनडाचे छत दिसत राहिले. डॉक्टरबेनला मी स्वतः फोन केला. “सांगितलं आजींना,” म्हणालो. “आज?” तिने विचारले.

राहिला प्रश्न इन्सुलिनचा. मी नर्सचा नंबर काढला होता. अक्काने तो बाजूला सारला.

“आण इकडे. दुसऱ्याला टोचलेलं बघवत नाही, स्वतःला टोचायला कोण अडवतंय. साठ-साठ पोरांचे वर्ग सांभाळले मी, ही तर बोटभर सुई.”

आणि ती देते. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, रोज सकाळी नाश्त्याआधी, त्याच जेवणाच्या टेबलावर, कुणाच्याही मदतीशिवाय. फक्त नोंद हवी म्हणते. वहीत नवीन पान आखले आहे, रकाने तेच. दिले : अक्का. पाहिले : दिगू.

मी तिच्यासमोर खुर्चीत बसतो. ती सुई उचलते. मग थोड्या वेळाने म्हणते, “झालं. पाहिलंस ना?”

“पाहिलं,” मी म्हणतो, डोळे उघडतो आणि सही करतो.

टाकीतून दिवाणजी मान वर काढून आम्हा दोघांकडे बघत असतात. घरात उघड्या डोळ्यांनी पाहणारे तेवढे एकच आहेत, आणि त्यांना सही करता येत नाही.